अंडाशयातील सिस्ट आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट: तपासणीच्या दिवसापासून पाठपुराव्यापर्यंत

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘ओव्हेरियन सिस्ट’, म्हणजे अंडाशयातील बहुधा द्रवाने भरलेली पोकळी, असे लिहिलेले दिसले की घरात पहिला प्रश्न ‘किती सेंटीमीटरची?’ हा असतो आणि दुसरा ‘काढावी लागेल का?’ हा. पहिल्याचे उत्तर कागदावरच छापलेले असते, म्हणून त्याला नको तितके महत्त्व मिळते. प्रत्यक्षात चार सेंटीमीटरची एक सिस्ट पुन्हा न तपासताही सोडून देता येते आणि चार सेंटीमीटरच्याच दुसऱ्या सिस्टसाठी कर्करोगतज्ज्ञांचे मत घ्यावे लागते. हा फरक सिस्टच्या आत काय आहे, स्त्रीचे वय किती आहे, तपासणी पाळीच्या कितव्या दिवशी झाली आणि काही आठवड्यांनी तीच सिस्ट कशी दिसते, यांवर ठरतो. यांपैकी शेवटच्या मुद्द्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. सिस्टचे निदान पुष्कळदा एका सोनोग्राफीत होत नाही, योग्य अंतराने केलेल्या दोन सोनोग्राफींत होते, हे आधी लक्षात घेतले तर रिपोर्ट हातात पडल्या दिवसापासूनची बरीच धावपळ टळते.

अंडाशय दर महिन्याला काय करते

प्रजननक्षम वयात अंडाशयाची लांबी साधारण तीन, रुंदी दोन आणि जाडी दीड सेंटीमीटरच्या आसपास असते. दर पाळीचक्रात त्यातील काही बीजपुटिका, म्हणजे फॉलिकल, वाढू लागतात. त्यांतील एक पुढे जाते, रोज सुमारे दोन मिलिमीटरने वाढत १८ ते २५ मिलिमीटरपर्यंत पोहोचते आणि फुटून बीज बाहेर सोडते. फुटलेल्या पुटिकेच्या जागी कॉर्पस ल्युटियम तयार होते आणि गर्भधारणा झाली नाही तर तेही विरून जाते. सोनोग्राफीत या दोन्ही गोष्टी द्रवाने भरलेल्या पोकळीसारख्या दिसतात, म्हणजे दर्शनी त्या सिस्टच असतात. याच कारणाने पाळी चालू असलेल्या स्त्रीमध्ये तीन सेंटीमीटरपर्यंतची साधी पोकळी आजार मानली जात नाही. चांगला रेडिओलॉजिस्ट तिला रिपोर्टात ‘सिस्ट’ न म्हणता ‘फॉलिकल’ म्हणतो.

कधी पुटिका वेळेवर फुटत नाही आणि तशीच वाढत राहते, तेव्हा फॉलिक्युलर सिस्ट होते. कधी कॉर्पस ल्युटियममध्ये रक्तस्राव होतो, तेव्हा हिमरेजिक सिस्ट होते. या दोन्ही कार्यात्मक, म्हणजे अंडाशयाच्या नेहमीच्या कामातूनच होणाऱ्या, सिस्ट होत आणि बहुतेक वेळा एक ते तीन पाळ्यांमध्ये आपोआप जिरतात. त्या लवकर जाव्यात म्हणून गर्भनिरोधक गोळ्या देण्याची पद्धत आपल्याकडे बरीच रुळलेली आहे. मात्र गोळ्यांमुळे अशी सिस्ट लवकर जाते असे अभ्यासांत आढळलेले नाही. पाळी नियमित करणे किंवा नवी सिस्ट होऊ न देणे, असा त्या गोळ्यांचा दुसरा उपयोग असू शकतो आणि तसे असेल तर डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगायला हवे.

पहिली पायरी: तपासणीचा दिवस

तातडीचे कारण नसेल तर सोनोग्राफी पाळी सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजून पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान करावी. या काळात मागच्या चक्राचे अवशेष जवळजवळ संपलेले असतात, नवी पुटिका अजून मोठी झालेली नसते आणि गर्भाशयाचे अस्तरही पातळ असते, त्यामुळे जे दिसते ते गोंधळात टाकणारे नसते. विसाव्या-बाविसाव्या दिवशी केलेल्या तपासणीत कॉर्पस ल्युटियम हटकून दिसते, त्याची भिंत जाड असते, भोवती रक्तप्रवाहाचे कडे असते आणि अनावश्यक शंका उभी राहते. पोटात दुखत असेल, रक्तस्राव होत असेल किंवा पाळी चुकली असेल तर मात्र दिवस मोजत बसू नये. अशा वेळी सोनोग्राफीच्या आधी लघवीची गर्भचाचणी करून घ्यावी, कारण गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत झालेल्या गर्भधारणेचे चित्र आणि कॉर्पस ल्युटियमचे चित्र एकमेकांच्या जवळ जाणारे असते.

शेवटच्या पाळीची तारीख लिहून घेऊन जावी. ती फॉर्मवर लिहिली जाते, पण अंदाजे सांगितलेली तारीख निदान भलतीकडे नेऊ शकते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र, जुने रिपोर्ट आणि शक्य असल्यास जुन्या फिल्मही असाव्यात. गर्भवती स्त्रीची सोनोग्राफी असेल तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार एफ फॉर्म भरावा लागतो. त्या कागदपत्रांमुळे घाबरण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्येच असा कायदा केला आणि देशपातळीवरचा कायदा १९९४ मध्ये आला.

दुसरी पायरी: पोटावरून की योनिमार्गे

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीसाठी मूत्राशय भरलेले लागते. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगतात, ते एवढ्यासाठी की भरलेले मूत्राशय आतड्यांना वर सारते आणि त्यातील द्रवामधून ध्वनिलहरी सहज पार जातात. आतड्यांतील वायू ध्वनिलहरींना अडवतो, म्हणून मूत्राशय नीट भरलेले नसेल तर रिपोर्टात ‘ओव्हरी नॉट व्हिज्युअलाइज्ड’ असा शेरा येतो. तो शेरा म्हणजे अंडाशय नाही किंवा बिघडले आहे असे नव्हे. ते दिसले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत, ज्याला दवाखान्यात टीव्हीएस किंवा ‘आतून सोनोग्राफी’ म्हणतात, मूत्राशय रिकामे असावे लागते. निर्जंतुक आवरण घातलेला बारीक प्रोब योनिमार्गात ठेवला जातो. तो अंडाशयाच्या अगदी जवळ पोहोचत असल्याने जास्त वारंवारतेच्या ध्वनिलहरी वापरता येतात आणि भिंतीवरचा दोन-तीन मिलिमीटरचा उंचवटाही दिसतो. या लहरी फार खोल जात नाहीत, म्हणून मोठी सिस्ट पूर्ण दिसण्यासाठी पोटावरूनही पाहावे लागते. दोन्ही तपासण्या एकापाठोपाठ केल्या तर ते बिल वाढवण्यासाठी केले असे समजू नये.

आतून तपासणी करण्यापूर्वी संमती विचारली गेली पाहिजे, खोलीत स्त्री परिचारिका किंवा सोबतची व्यक्ती असली पाहिजे आणि दुखले तर थांबवण्याची मुभा असली पाहिजे. शरीरसंबंध न आलेल्या मुलींमध्ये ही तपासणी सहसा करत नाहीत. त्यांच्यासाठी पोटावरून आणि गरज पडल्यास गुदमार्गे सोनोग्राफी किंवा एमआरआय हा पर्याय असतो. हे आधी सांगायचा संकोच वाटतो, पण टेबलावर झोपल्यावर सांगण्यापेक्षा चिठ्ठी देतानाच सांगणे दोन्ही बाजूंना सोपे जाते.

तिसरी पायरी: पडद्यावर काय पाहिले जाते

पडद्यावर द्रव काळा दिसतो, कारण त्यातून ध्वनी परावर्तित होत नाही. घन ऊती राखाडी दिसतात आणि चरबी, हाड किंवा वायू पांढरा दिसतो. साधी सिस्ट पूर्ण काळी, गोल किंवा लंबगोल, पातळ व गुळगुळीत भिंतीची असते आणि तिच्या मागचा भाग आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो, कारण द्रवातून जाताना ध्वनी क्षीण होत नाही. रिपोर्टमधला ‘अ‍ॅनेकोइक विथ पोस्टीरियर एन्हान्समेंट’ हा भारदस्त शब्दप्रयोग याच दिलासादायक दृश्याचे वर्णन आहे.

यानंतर डॉक्टर आत पडदे, म्हणजे सेप्टा, आहेत का आणि असल्यास ते पातळ आहेत की जाड व वेडेवाकडे, हे पाहतात. भिंतीवर आतल्या बाजूने वाढलेले घन उंचवटे, म्हणजे पॅपिलरी प्रोजेक्शन, शोधतात. असा घन भाग तीन मिलिमीटर किंवा त्याहून उंच असेल तर तो विशेष नोंदवला जातो. शेवटी कलर डॉप्लरने त्या घन भागात रक्तप्रवाह आहे का, हे तपासतात. माझ्या मते संपूर्ण रिपोर्टात सर्वांत आधी शोधण्याजोगे वाक्य हेच आहे: सॉलिड कॉम्पोनंट आहे की नाही, आणि असल्यास त्यात व्हॅस्क्युलॅरिटी, म्हणजे रक्तप्रवाह, आहे की नाही. ते वाक्य रिपोर्टात नसेल तर विचारून घ्यावे.

हिमरेजिक सिस्टमध्ये रक्ताची गुठळी विरघळताना बारीक जाळीदार रेषा दिसतात. कधी गुठळी आक्रसून एका बाजूला चिकटते आणि नवख्या नजरेला घन गाठीसारखी भासते; पण तिच्यात रक्तप्रवाह नसतो आणि तिच्या कडा आत वळलेल्या असतात. एंडोमेट्रिऑसिसमुळे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढल्यामुळे, होणाऱ्या सिस्टमध्ये, जिला बोलीत चॉकलेट सिस्ट म्हणतात, जुने घट्ट रक्त भरलेले असते आणि आतला भाग दुधी काचेसारखा एकसारखा धूसर दिसतो. ती दोन-तीन महिन्यांनी जिरत नाही. हिमरेजिक सिस्टपासून तिला वेगळे ओळखण्याचा हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. पाळीत तीव्र वेदना, संबंधाच्या वेळी दुखणे किंवा दिवस न राहणे यांची जोड असेल तर संशय बळावतो. अशा वेळी अनुभवी तज्ज्ञ प्रोबने हलका दाब देऊन अंडाशय मोकळे सरकते की गर्भाशयाला चिकटले आहे, हेही पाहतात.

डरमॉइड सिस्ट ही बीजपेशींपासून होते आणि तिच्यात चरबी, केस, कधी दातही असतात. पडद्यावर तिचा एखादा भाग लख्ख पांढरा दिसतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. केस असतील तर बारीक पांढऱ्या रेषा व ठिपके दिसतात. ती तरुण वयातही आढळते, फार हळू वाढते आणि साधारण दहापैकी एका स्त्रीमध्ये दोन्ही बाजूंना असते, म्हणून दुसऱ्या अंडाशयाचे वर्णनही रिपोर्टात असले पाहिजे. सावलीमुळे सिस्टचा मागचा भाग दिसत नाही आणि आकार कमी मोजला जातो, किंवा आतड्यातला वायू समजून ती सुटूनही जाते. सिस्टाडेनोमा या सौम्य गाठीच्या प्रकारातल्या सिस्ट मोठ्या होतात, त्यांतील म्युसिनस, म्हणजे चिकट द्रवाचा, प्रकार तर पोट वाढलेले दिसेपर्यंत वाढू शकतो आणि त्यात अनेक कप्पे असतात. अंडाशयाशेजारची पॅराओव्हेरियन सिस्ट आणि पाणी भरून फुगलेली नलिका, म्हणजे हायड्रोसाल्पिंक्स, या अंडाशयातल्या नसूनही तशा भासतात. शेजारी अंडाशय वेगळे दिसले की हा घोळ मिटतो.

रिपोर्टातील एक परिच्छेद वाचून पाहू

समजा बत्तीस वर्षांच्या स्त्रीच्या रिपोर्टात, पाळीच्या बाविसाव्या दिवशी, असे लिहिले आहे: ‘लेफ्ट ओव्हरी शोज अ वेल-डिफाइन्ड सिस्ट मेजरिंग ५.६ × ५.१ × ४.८ सेंमी विथ रेटिक्युलर इंटर्नल इकोज. नो सॉलिड कॉम्पोनंट. नो इंटर्नल व्हॅस्क्युलॅरिटी. मिनिमल फ्री फ्लुइड इन पीओडी.’

डाव्या अंडाशयात स्पष्ट कडांची सिस्ट आहे, आत जाळीदार रेषा आहेत, घन भाग नाही, आत रक्तप्रवाह नाही. दिवस बाविसावा आहे, म्हणजे कॉर्पस ल्युटियमचा काळ. हे सारे हिमरेजिक सिस्टकडे बोट दाखवते. पीओडी म्हणजे गर्भाशयामागची खोलगट जागा. बीज सुटल्यावर तिथे थोडा द्रव साचणे नेहमीचेच आहे. आकार पाच सेंटीमीटरपेक्षा अधिक असल्याने दोन-तीन महिन्यांनी, पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत, पुन्हा सोनोग्राफी करायची. हेच वर्णन पाळी जाऊन पाच वर्षे झालेल्या स्त्रीच्या रिपोर्टात असते तर मात्र अर्थ पूर्ण बदलला असता, कारण त्या वयात बीज सुटत नाही, त्यामुळे हिमरेजिक सिस्ट होण्याचे कारणच उरत नाही. तिथे थांबून न राहता तज्ज्ञांकडे जावे लागते.

रिपोर्टात आकारासोबत घनफळही लिहितात आणि त्यावरून बरीच घबराट होते. तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला ०.५२३ ने गुणले की घनफळ मिळते. वरील सिस्टचे ते सुमारे ७२ सीसी येते. चार सेंटीमीटरच्या गोल सिस्टचे घनफळ सुमारे ३३ सीसी आणि पाच सेंटीमीटरच्या सिस्टचे सुमारे ६५ सीसी असते, म्हणजे व्यास चारवरून पाच झाला की घनफळ जवळजवळ दुप्पट होते. त्यामुळे एका रिपोर्टातले सीसी आणि दुसऱ्यातले सेंटीमीटर यांची तुलना करू नये. दोन केंद्रांवरच्या मोजमापांत दोन-चार मिलिमीटरचा फरक पडणे हेही वाढीचे लक्षण नव्हे. पाठपुराव्याची सोनोग्राफी शक्यतो त्याच केंद्रावर करावी, ती यासाठीच.

धोक्याची श्रेणी

अलीकडे अनेक रिपोर्टांच्या शेवटी ‘ओ-रॅड्स’ अशी श्रेणी असते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची ही पद्धत २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०२२ मध्ये सुधारली गेली. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, एक म्हणजे सर्वसामान्य अंडाशय. दोन या श्रेणीत कर्करोगाची शक्यता एक टक्क्याहून कमी असते, तीनमध्ये एक ते दहा टक्क्यांच्या आत, चारमध्ये दहा ते पन्नास टक्क्यांच्या आत आणि पाचमध्ये पन्नास टक्के किंवा अधिक. युरोपात सुरू झालेल्या आयोटा गटाचे सोपे नियमही वापरले जातात. त्यांत एकच कप्पा, मागे सावली, रक्तप्रवाहाचा अभाव ही सौम्यतेची लक्षणे आणि वेडीवाकडी घन गाठ, पोटात पाणी, चार किंवा अधिक उंचवटे, भरपूर रक्तप्रवाह ही संशयाची लक्षणे मानली जातात. रिपोर्टात श्रेणी नसेल तर रेडिओलॉजिस्टना ती विचारण्यात काहीच गैर नाही.

अंडाशयाच्या कर्करोगाच्या संशयात पाहिली जाणारी सीए-१२५ ही रक्तचाचणी मात्र घाईने करून घेऊ नये. तिची नेहमीची मर्यादा ३५ आहे. पण एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड, ओटीपोटातील जंतुसंसर्ग, गर्भारपण आणि चालू पाळी यांतही ती वाढते. आपल्याकडे पोटाचा क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण आहे: पोटात पाणी, वजन घटणे आणि शेकड्यांतली सीए-१२५ असे चित्र क्षयरोगातही दिसते, म्हणून तेवढ्यावरून कर्करोग ठरवता येत नाही. पाळी गेलेल्या स्त्रीमध्ये या चाचणीला अधिक वजन आहे. तिथे सोनोग्राफीतील लक्षणे, पाळीची स्थिती आणि सीए-१२५ यांचा गुणाकार करून जोखीम काढण्याची जुनी पद्धत आजही वापरली जाते. उलट कोणतीही तक्रार आणि कौटुंबिक इतिहास नसताना तपासणीच्या पॅकेजमध्ये ही चाचणी घेण्याचा लाभ सिद्ध झालेला नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, सीए-१२५ आणि सोनोग्राफीने चाळणी करूनही अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०२१ मध्ये जाहीर झाले. आई किंवा बहिणीला अंडाशयाचा अथवा स्तनाचा कर्करोग झाला असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांनी विचारले नाही तरी ती माहिती त्यांना द्यावी.

पुढे किती थांबायचे

ओ-रॅड्सनुसार पाळी चालू असताना पाच सेंटीमीटरपर्यंतच्या साध्या सिस्टला पुन्हा तपासण्याचीही गरज नसते. पाच ते दहा सेंटीमीटरची साधी सिस्ट वर्षभराने पाहतात. पाळी गेल्यानंतर, म्हणजे सलग बारा महिने पाळी न आल्यावर, तीन सेंटीमीटरपर्यंतची साधी सिस्ट सोडून देतात आणि त्याहून मोठी, पण दहाच्या आतली, वर्षाने पाहतात. ब्रिटिश मार्गदर्शनात अंतरे थोडी वेगळी आहेत: तिथे पाळी गेलेल्या स्त्रीची पाच सेंटीमीटरच्या आतली साधी सिस्ट, सीए-१२५ ठीक असल्यास, चार ते सहा महिन्यांनी पाहतात. दोन डॉक्टरांनी वेगवेगळे महिने सांगितले तर त्यामागे बहुधा असा फरक असतो. तीन आठवड्यांनी, मग पुन्हा महिन्याने अशा सोनोग्राफी करत राहण्याने मात्र काही हाती लागत नाही, कारण त्या काळात जुनी सिस्ट जिरून नवी पुटिका वाढलेली असू शकते आणि ‘सिस्ट अजून तशीच आहे’ असा गैरसमज होतो.

पीसीओडीचा, म्हणजे अंडाशयात अनेक छोट्या पोकळ्या दिसणाऱ्या विकाराचा, गोंधळ इथेच मिटवावा. त्यात दिसणाऱ्या दोन ते नऊ मिलिमीटरच्या अनेक ठिपक्यांसारख्या पोकळ्या या अर्धवट वाढलेल्या बीजपुटिका असतात. त्या शस्त्रक्रियेने काढायच्या नसतात आणि केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करायचेही नसते. पाळी सुरू होऊन आठ वर्षे झालेली नसतील तर त्या मुलीमध्ये सोनोग्राफीचा निकष वापरूच नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते.

सिस्ट टिकून राहिली, वाढली, त्रास देऊ लागली किंवा तिच्यात घन भाग दिसला तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. सौम्य वाटणारी सिस्ट बहुतेक वेळा दुर्बिणीतून, अंडाशय राखून काढता येते. चॉकलेट सिस्ट काढताना निरोगी अंडाशयाचाही काही भाग जाण्याची शक्यता असते, म्हणून मूल हवे असेल तर आधी एएमएच, म्हणजे उरलेल्या बीजसाठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी, करून त्याबद्दल बोलून घ्यावे. श्रेणी चार किंवा पाच असेल तर पहिली शस्त्रक्रियाच स्त्री-कर्करोगतज्ज्ञांकडे व्हावी आणि सिस्टमध्ये सुई घालून पाणी काढण्याचा सल्ला स्वीकारू नये, कारण गाठ कर्करोगाची असल्यास तिच्या पेशी पोटात सांडू शकतात. सोनोग्राफीवरून निर्णय होत नसेल तेव्हा एमआरआय उपयोगी पडतो; सिस्टचा प्रकार ठरवण्यासाठी सीटी स्कॅन त्या मानाने कमी उपयोगाचा आहे.

थांबायचे नाही अशी वेळ

ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य दुखू लागले आणि सोबत उलट्या होत असतील तर अंडाशयाला पीळ पडल्याची शंका घ्यावी. हा पीळ उजव्या बाजूला अधिक आढळतो, सिस्ट पाच सेंटीमीटरहून मोठी असताना त्याचा धोका वाढतो आणि डरमॉइडमध्ये तो विशेष दिसतो. दुखणे मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ शकते, त्यामुळे ‘गॅस झाला असेल’ म्हणून रात्र काढली जाते आणि तेवढ्या तासांत अंडाशयाचा रक्तपुरवठा तुटतो. डॉप्लरवर रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाही असे खात्रीने म्हणता येत नाही. लक्षणे ठळक असतील तर डॉक्टर दुर्बिणीतून पाहण्याचा निर्णय घेतात, आणि तो योग्यच असतो. दुखण्यासोबत चक्कर, फिकटपणा, खांद्यात कळ किंवा पोट ताठर होणे ही सिस्ट फुटून आत रक्तस्राव होत असल्याची किंवा नलिकेतील गर्भ फुटल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी जवळच्या सोनोग्राफी केंद्रावर वेळ मिळण्याची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जावे, जुने रिपोर्ट सोबत घ्यावेत आणि सोनोग्राफीसाठी म्हणून वाटेत पाणी पिऊ नये, कारण लगेच भूल द्यावी लागण्याची शक्यता असते.